मागचं कव्हर वाचा: मागे पडलेल्या रॉक अल्बमकडे जाण्याचा एक रस्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे: लेड झेपलिन, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, डोअर्स, बीटल्स हे सगळं मनसोक्त ऐकून झालंय. त्याच काळातलं, त्याच तोडीचं, पण मागे पडलेलं काय ऐकावं? आणि ‘दुर्लक्षित अल्बम’ म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांवर भरवसा ठेवावा का?

याद्यांबद्दल आधी सांगतो. त्या चुकीच्या असतात असं नाही, पण चाळीस नावं एकाखाली एक आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन ओळी, यातून नेमकं काय उचलायचं ते कळत नाही. चार-पाच गाणी अर्धवट ऐकून माणूस परत डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’कडे वळतो. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. माइक लावणं, मिक्स करणं, जुन्या टेपा साफ करणं यातच आयुष्य गेलं. त्यामुळे माझा शोधायचा रस्ता वेगळा आहे आणि तोच तुम्हाला सुचवतो. जो अल्बम आवडतो त्याचं मागचं कव्हर वाचा. वादकांच्या नावांखाली बारीक अक्षरांत इंजिनिअरचं आणि स्टुडिओचं नाव असतं. त्या माणसाने त्याच दोन-चार वर्षांत आणखी कोणाचं काम केलं ते शोधा. ड्रमचा ठोका किती कोरडा आहे, गिटार कानाजवळ आहे की खोलीच्या पलीकडे, गाणाऱ्याच्या आवाजाभोवती किती मोकळी जागा आहे, हे सगळं आपल्याला नकळत आवडत असतं आणि त्यातलं बरंचसं त्या माणसाच्या हातचं असतं. बँड बदलला तरी तो हात ओळखू येतो.

डीप पर्पलपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे बहुतेकांचं हार्ड रॉक तिथूनच सुरू होतं. ‘मशीन हेड’ डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात रेकॉर्ड झाला. हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलात वाद्यं लावली होती आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक उभा होता. इंजिनिअर होता मार्टिन बर्च. तिथून परतल्यावर लगेच, जानेवारी 1972 मध्ये, हाच बर्च लंडनच्या वेम्बली भागातल्या डी लेन ली स्टुडिओत विशबोन ॲश नावाच्या बँडबरोबर बसला. त्यातून ‘आर्गस’ तयार झाला. निर्माता डेरेक लॉरेन्स, म्हणजे पर्पलच्या पहिल्या तीन अल्बमचा निर्माता. या बँडची शिफारस त्याच्याकडे खुद्द पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याने केली होती.

‘आर्गस’ त्या काळी अगदीच अज्ञात नव्हता. ब्रिटनमध्ये तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पण आज सत्तरच्या दशकाची चर्चा निघाली की त्याचं नाव क्वचितच येतं, आणि हे मला खरोखर खटकतं. कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दोन गिटारांनी मिळून सूर धरण्याची जी पद्धत थिन लिझीपासून आयर्न मेडनपर्यंत सगळ्यांनी उचलली, ती इतक्या पूर्ण रूपात आधी इथे दिसते. ॲंडी पॉवेल आणि टेड टर्नर हे दोघे गिटारवादक. त्यांचं वाजवणं ही जुगलबंदी नाही. कोणी कोणावर मात करायला बघत नाही. एकाच चालीचे दोन सूर, वरचा आणि खालचा, सोबत चालतात आणि मध्येच सुटे होऊन पुन्हा एकत्र येतात. पहिलंच गाणं ‘टाइम वॉज’ जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. सुरुवातीची साधारण तीन मिनिटं फक्त अकूस्टिक गिटार आणि आवाज, आणि मग ड्रम येतात. हा टप्पा हेडफोनवर ऐका. बर्चने इथे ड्रम मुद्दाम मोठे केलेले नाहीत. मार्टिन टर्नरचा बेस तिसऱ्या गिटारसारखा पुढे आणलाय आणि त्यामुळे दोन गिटार वरच्या पट्टीत हिंडत असल्या तरी गाण्याचा तळ रिकामा वाटत नाही. शेवटचं ‘थ्रो डाउन द स्वोर्ड’ संपताना दोन सोलो एकाच वेळी चालतात. कान आधी एकावर धरा, मग गाणं मागे घेऊन दुसऱ्यावर धरा. पहिल्या वेळी घाईचं वाटलेलं दुसऱ्या वेळी अगदी सुबक बसलेलं दिसेल. याच बर्चने पुढे 1981 च्या ‘किलर्स’पासून 1992 च्या ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंत आयर्न मेडनचे अल्बम केले, हे कळल्यावर मेडनच्या गिटारांकडेही आपण वेगळ्या कानाने बघतो.

बर्चचा धागा मागे नेला तर 1969 चा ‘देन प्ले ऑन’ सापडतो. फ्लीटवूड मॅक म्हटलं की सगळे 1977 च्या ‘रूमर्स’वर येऊन थांबतात. त्याआधी हा इंग्रजी ब्लूज बँड होता, पीटर ग्रीनचा. हा ग्रीनचा त्या बँडबरोबरचा शेवटचा स्टुडिओ अल्बम आणि जेमतेम एकोणीस वर्षांच्या डॅनी कर्वनचा पहिला. ग्रीनच्या गिटारचा आवाज ऐकताना एक गोष्ट मुद्दाम बघा: तो थांबतो किती. दोन सुरांमधली जागा भरायची त्याला घाई नसते. एक सावधगिरी मात्र घ्या. या अल्बमच्या ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्त्यांत गाणी आणि त्यांचा क्रम वेगवेगळा आहे, आणि ‘ओ वेल’ हे गाजलेलं गाणं मुळात सिंगल म्हणून आलं, नंतर अमेरिकी आवृत्तीत घुसवलं गेलं. 2013 च्या पुनर्प्रकाशनात मूळ ब्रिटिश क्रम परत मिळाला. तोच घ्या.

पर्पलमधूनच आणखी एक फाटा फुटतो. इयान गिलनच्या आधी पर्पलचा गायक होता रॉड एव्हन्स. ‘हश’ त्यानेच गायलंय. 1969 मध्ये त्याला काढलं. तो अमेरिकेला गेला आणि तिथे आयर्न बटरफ्लायमधले दोघे, लॅरी राइनहार्ट आणि ली डॉर्मन, शिवाय जॉनी विंटरबरोबर वाजवणारा ड्रमर बॉबी काल्डवेल, असे चौघे मिळून कॅप्टन बियॉन्ड झाले. त्यांचा त्याच नावाचा पहिला अल्बम 1972 चा. तो निघाला कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सवर, म्हणजे ऑलमन ब्रदर्सच्या घरच्या लेबलवर. अल्बम त्याच ऑलमन ब्रदर्सचा गिटारवादक ड्युएन ऑलमन याला अर्पणही केलेला आहे. दक्षिणी ब्लूज-रॉक विकणाऱ्या लेबलला हे काय हाताशी आलंय ते उमगलं नसावं असं मला नेहमी वाटतं, कारण संगीत पार वेगळ्या जातीचं आहे. गाणी एकमेकांत मिसळत जातात, चार मात्रांचं आवर्तन पुनःपुन्हा मोडतं, आणि तरी सगळं घट्ट बांधलेलं राहतं. तबला किंवा पखवाज ऐकायची सवय असलेल्याला काल्डवेलचं ड्रमिंग लगेच धरता येतं. समेवर हात ठेवून बसा आणि ती कुठे सरकते ते बघा. एव्हन्सचा खोल, थोडा नाट्यमय आवाज पर्पलमध्ये मला कधीच पुरता बसल्यासारखा वाटला नव्हता. इथे तो बसतो.

आता झेपलिन. ‘लेड झेपलिन 3’चं मिक्सिंग कुठे झालं? मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत, टेरी मॅनिंगच्या हातून, 1970 मध्ये. या आर्डेंटचा मालक जॉन फ्राय हा स्वतः फार नाजूक हाताचा इंजिनिअर. तो गावातल्या हुशार पोरांना रेकॉर्डिंग शिकवायचा आणि दिवसाची गिऱ्हाइकं गेली की रात्री स्टुडिओ त्यांच्या हवाली करायचा. त्या पोरांपैकी एक ख्रिस बेल. त्याला येऊन मिळाला ॲलेक्स चिल्टन, ज्याने सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स या बँडबरोबर ‘द लेटर’ गाऊन 1967 मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला होता. बेसवर ॲंडी हमेल, ड्रमवर जोडी स्टीफन्स. स्टुडिओजवळच्या किराणा दुकानांच्या साखळीवरून नाव घेतलं: बिग स्टार. पहिल्या अल्बमला नाव दिलं ‘नंबर वन रेकॉर्ड’. हा 1972 चा अल्बम माझ्या मते या सगळ्या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

परीक्षणं उत्तम आली. पण अल्बम दुकानात मिळेना. आर्डेंटचं वितरण होतं स्टॅक्सकडे, आणि स्टॅक्स हे ओटिस रेडिंग, आयझॅक हेझ यांचं सोल संगीताचं लेबल. गिटार-पॉप कुठल्या दुकानात, कुठल्या रेडिओवर न्यायचं याची घडी त्यांच्याकडे नव्हती. पुढे स्टॅक्सने वितरणासाठी कोलंबियाशी करार केला, तर तो जुळवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस मे 1973 मध्ये कोलंबियातून बाहेर पडले आणि कराराला वालीच उरला नाही. फेब्रुवारी 1974 मध्ये दुसरा अल्बम ‘रेडिओ सिटी’ आला, त्याचंही तेच झालं. 1975 च्या अखेरीस स्टॅक्स दिवाळखोरीत गेलं. ख्रिस बेल पहिल्या अल्बमनंतरच बँड सोडून गेला होता. डिसेंबर 1978 मध्ये मोटार अपघातात वारला तेव्हा तो 27 वर्षांचा होता. पुढे आर. ई. एम., रिप्लेसमेंट्स या बँडनी बिग स्टारचं नाव घेत घेत तो परत वर आणला. रिप्लेसमेंट्सनी तर 1987 मध्ये ‘ॲलेक्स चिल्टन’ या नावाचं गाणंच केलं.

एवढी ओढाताण मागे असलेला अल्बम वाजतो कसा? विलक्षण स्वच्छ. ‘थर्टीन’ घ्या. दोन अकूस्टिक गिटार आणि आवाज, ड्रम नाहीत, अडीच मिनिटांत संपतं. अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना नवशिका माणूस माइक थेट भोकासमोर लावतो आणि आवाज घुमायला लागतो. इथे तारांचा चकचकीतपणा आहे, बोटं सरकल्याचा बारीकसा आवाज आहे, पण घुमणं नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना हे गाणं मी ऐकवतोच. मग ‘द बॅलड ऑफ एल गूडो’ लावा आणि फक्त मागचे सूर ऐका. एकेक आवाज थरावर थर चढत जातो, पण मुख्य आवाजाचा एकही शब्द झाकला जात नाही. फ्रायच्या कामाची ही खूण आहे: कितीही भर घाला, गर्दी होत नाही. ‘रेडिओ सिटी’ बेल गेल्यावर तिघांनीच केलेला, जास्त ओबडधोबड आणि गिटारांना जास्त धार असलेला. त्यातलं ‘सप्टेंबर गर्ल्स’ पावणेतीन मिनिटांचं आहे. त्यातल्या सोलोत चिल्टनने मँडो-गिटार वाजवलंय, म्हणून तो सूर इतका वर, चमकत राहतो. हे गाणं जगभर का वाजलं नाही याचं संगीतातलं कोणतंही कारण मला आजवर सापडलेलं नाही. कारण वितरणाच्या कागदांत आहे.

बीटल्सची वाट सगळ्यांत सोपी, कारण तिथे इमारतच एक आहे. ‘सार्जंट पेपर’चं काम एप्रिल 1967 मध्ये संपलं. जूनमध्ये ॲबी रोडच्या त्याच ईएमआय स्टुडिओत झॉम्बीज हा इंग्रजी बँड शिरला. इंजिनिअर जेफ एमरिक आणि पीटर व्हिन्स. लेननचं मेलोट्रॉन, म्हणजे टेपांवरचे सूर वाजवणारं कीबोर्ड, तिथेच पडून होतं आणि आम्ही ते वापरलं, असं झॉम्बीजचा कीबोर्डवादक रॉड आर्जंट याने अनेकदा सांगितलंय. हाती पैसे होते हजार पौंड. त्यामुळे गाणी आधी घरी घोटून, बसवून, मगच स्टुडिओत जायचं, असा शिरस्ता. ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ या त्यांच्या अल्बममध्ये एकही सूर वायफळ का नाही, याचं उत्तर बरंचसं या हजार पौंडांत आहे.

पहिलं गाणं ‘केअर ऑफ सेल 44’ म्हणजे तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेलं पत्र, आणि चाल अशी की सकाळी चहा करताना गुणगुणावी. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि नुसते आवाज उरतात. तेवढ्या क्षणात खोली किती मोठी आहे ते ऐकू येतं. ‘अ रोज फॉर एमिली’त पियानो आणि आवाज यांखेरीज काही नाही. ‘बुचर्स टेल’ हे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचं गाणं बेसवादक ख्रिस व्हाइटने स्वतः गायलंय, पायपेटीसारख्या जुन्या ऑर्गनवर, थरथरत्या आवाजात. मुख्य गायक कॉलिन ब्लनस्टोनच्या रेशमी आवाजाने ते बिघडलं असतं.

कंपनीला स्टिरिओ मिक्सही हवं झालं तेव्हा आर्जंट आणि व्हाइट यांनी त्यासाठी पदरचे पैसे घातले. एक घोळ उरलाच. ‘धिस विल बी अवर इयर’ या गाण्यातली ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची साथ निर्माता केन जोन्सने मोनो मिक्स करतानाच थेट त्यावर चढवली होती. ती वेगळ्या ट्रॅकवर नव्हती, त्यामुळे त्या साथीसकट खरं स्टिरिओ मिक्स तेव्हा होऊच शकलं नाही. म्हणून हा अल्बम एकदा तरी मोनोत ऐका. डिसेंबर 1967 मध्ये बँड मोडला, अल्बम एप्रिल 1968 मध्ये आला, म्हणजे प्रचाराला, कार्यक्रमांना माणसंच नाहीत. अमेरिकेत अल कूपर या संगीतकाराने कोलंबियाच्या मागे लागून तो काढायला लावला आणि 1969 मध्ये ‘टाइम ऑफ द सीझन’ तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. बँड अस्तित्वात नाही म्हटल्यावर तिकडे नकली झॉम्बीज उभे करून कार्यक्रम लावले गेले, आणि त्यांतले दोघे, डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड, पुढे झी झी टॉपमध्ये गेले. खऱ्या झॉम्बीजना हा अल्बम लोकांसमोर सलग वाजवायला 2008 उजाडावं लागलं.

त्याच इमारतीत नॉर्मन स्मिथ होता. 1965 अखेरपर्यंत बीटल्सचा इंजिनिअर, मग पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमचा निर्माता. फ्लॉइडचे चाहते त्याला तेवढ्यापुरतं ओळखतात. त्याने प्रिटी थिंग्ज या बँडबरोबर केलेला ‘एस. एफ. सॉरो’ डिसेंबर 1968 मध्ये आला. एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट, सबंध अल्बमभर. द हूचा ‘टॉमी’ आला मे 1969 मध्ये. पण अमेरिकेत ‘सॉरो’ काढला मोटाउनच्या रेअर अर्थ या शाखेने, ‘टॉमी’च्या नंतर. मग काय, तिकडच्या लोकांना नंतर आलेला हाच नक्कल वाटला. संगीत म्हणून मला तो थोडा असमान वाटतो. दुसऱ्या बाजूवर गोष्ट गाण्यांवर स्वार होते. पण ‘बलून बर्निंग’ची गिटार आणि ‘बॅरन सॅटर्डे’मधला ड्रमचा पट्टा यांसाठी तो घ्यावाच.

एमरिककडे परत येऊ, कारण त्याचं एक काम लोकांना माहीतच नसतं. 1974 चा रॉबिन ट्राउअरचा ‘ब्रिज ऑफ साइज’. ट्राउअर आधी प्रोकोल हारममध्ये होता आणि या अल्बमचा निर्माता मॅथ्यू फिशरही तिथलाच, ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’चा ऑर्गनवादक. अमेरिकेत अल्बम सातव्या क्रमांकावर गेला, तरी ‘हेंड्रिक्सची नक्कल’ हा शिक्का बसला तो बसलाच. स्ट्रॅटोकास्टर तीच, युनि-व्हाइब पेडल तेच, हे खरं. पण हेंड्रिक्स पुढे धावतो आणि ट्राउअर जागच्या जागी खोल जातो. शीर्षकगीताची लय इतकी संथ आहे की वाजवणाऱ्याची परीक्षाच. आणि जेम्स ड्यूअर! बेस वाजवता वाजवता असं गाणारा हा स्कॉटिश माणूस गायकांच्या कुठल्याच यादीत नसतो. माझ्या यादीत तो फार वर आहे.

डोअर्सच्या चाहत्यांसाठी नाव ब्रूस बॉटनिक. डोअर्सचे पहिले दोन अल्बम त्याने लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंडमध्ये रेकॉर्ड केले. त्याच वर्षी, 1967 मध्ये, त्याच इलेक्ट्रा लेबलसाठी त्याने आर्थर ली याच्यासह लव्ह या बँडचा ‘फॉरेव्हर चेंजेस’ केला. अमेरिकेत तो 154 व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. बँडची अवस्था इतकी विस्कळीत होती की दोन गाण्यांत बाहेरचे व्यावसायिक वादक बसवावे लागले. ते बघून बाकीचे ताळ्यावर आले आणि उरलेलं त्यांनी स्वतः वाजवलं. अकूस्टिक गिटार, तारवाद्यं, ट्रम्पेट यांनी सगळं मऊ वाटतं, आणि मग शब्दांकडे लक्ष गेलं की अंगावर काटा येतो. 22 वर्षांच्या लीला आपण लवकरच मरणार असं वाटत होतं. ‘अलोन अगेन ऑर’ हे पहिलं गाणं मात्र त्याचं नाही, ब्रायन मॅक्लीनचं आहे. मिक्समध्ये मॅक्लीनचा आवाज मागे आणि लीचा जोडसूर पुढे आलाय. हे माहीत असलं की त्या गाण्यातला विचित्र गोडवा कुठून येतो ते कळतं.

आता एक अपवाद. जीन क्लार्कचा ‘नो अदर’ (1974) मला कुठल्याही इंजिनिअरच्या वाटेने सापडला नाही. बर्ड्स या बँडमधून 1966 मध्ये बाहेर पडलेल्या या गाणाऱ्याने ॲसायलम लेबलचे एक लाखाहून जास्त डॉलर खर्चून फक्त आठ गाणी दिली. लेबलचा प्रमुख डेव्हिड गेफन संतापला आणि अल्बमला कोणी वाली राहिला नाही. 144 वा क्रमांक, आणि दोन वर्षांत बाजारातून गायब. लोकसंगीताच्या साध्या चालींना त्याने गॉस्पेलचे समूहस्वर, काँगा, गिटारांचे थर यांनी मढवलंय. काहींना ते जड वाटतं. मला ‘सम मिसअंडरस्टँडिंग’ची आठ मिनिटं कधीच लांबलेली वाटली नाहीत. क्लार्क 1991 मध्ये 46 व्या वर्षी गेला. 2019 मध्ये फोर-एडी या ब्रिटिश लेबलने मूळ टेपांवरून अल्बम पुन्हा काढला, तो घ्या.

मागच्या कव्हरवर कधीकधी आपली मुंबईही भेटते. जॉर्ज हॅरिसनचा ‘वंडरवॉल म्युझिक’ हा कुठल्याही बीटलचा पहिला स्वतंत्र अल्बम. त्याचा मोठा भाग जानेवारी 1968 मध्ये इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. शिवकुमार शर्मा, आशिष खान अशी मंडळी वाजवायला होती. स्टिरिओसाठी दोन ट्रॅकचं यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवून दिलं. खोली ध्वनिरोधक नव्हती, कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबायचं, आणि नीट कान दिला तर रस्त्यावरच्या टॅक्स्याही ऐकू येतात, असं हॅरिसनने सांगून ठेवलंय. हा रॉक अल्बम म्हणावा का, यावर वाद होईल. ऐकावा मात्र जरूर. 1972 मध्ये झेपलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांबरोबर त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ रेकॉर्ड केली. ती 2015 मध्ये झेपलिनच्या ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे आली. आणि मुंबईच्या स्वतःच्या बँडपैकी ॲटॉमिक फॉरेस्टचा ‘ऑब्सेशन 77’ शोधा. आपले नंदू भेंडे या बँडमध्ये गायचे. 2011 मध्ये अमेरिकेच्या नाऊ-अगेन लेबलने हा अल्बम परत काढला, तोवर तो जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांपुरताच उरला होता.

कोणती आवृत्ती घ्यायची, हे शेवटचं. ‘रीमास्टर्ड’ हा शिक्का बघून हुरळू नका. बऱ्याच रीमास्टरमध्ये फक्त आवाज चढवलेला असतो, आणि जोरात वाजणारी गोष्ट पहिल्या मिनिटाला नेहमीच बरी वाटते. दोन आवृत्त्या ताडून बघायच्या असतील तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करा, मगच ठरवा. ड्रमचा पहिला ठोका बोथट वाटला की ती आवृत्ती बाजूला ठेवा. ‘आर्गस’मध्ये अकूस्टिकनंतर ड्रम येतात ती जागा यासाठी उत्तम कसोटी आहे. जादा गाणी जोडलेल्या आवृत्त्यांत मूळ अल्बम कुठे संपतो ते आधी बघून ठेवा आणि तिथे थांबा. बिग स्टारचे दोन्ही अल्बम बहुधा एकत्र, सलग चोवीस गाणी असे मिळतात. ‘वॉच द सनराइज’ झालं की बारावं, जेमतेम मिनिटभराचं ‘एसटी 100/6’ येतं आणि ‘नंबर वन रेकॉर्ड’ तिथे संपतो. तिथे बंद करा. ‘रेडिओ सिटी’ दुसऱ्या दिवशी लावा.